पावसाने थांबलेली मॅच, ताई आणि मी

ताई,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाऊस आला आणि कार्यक्रम थांबला. विहाराच्या अंगणात ताडपत्री बांधली होती. तिच्यात पाणी साचून ती मधोमध लोंबायला लागली, तेव्हा भन्तेजींनी सगळ्यांना आत बोलावलं. आत जागा कमी. माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. बाबा दारात उभे राहून आभाळाकडे बघत होते. मागून कोणीतरी म्हणालं, उघडेल अर्ध्या तासात. ते ऐकलं आणि मी घाबरले. हात आपोआप पर्समध्ये गेला, ग्लुकोजच्या पुडीवर. पाऊस, ताटकळलेली माणसं, अर्ध्या तासात उघडेल म्हणणारा कोणीतरी, आणि तू कुठे दिसत नाहीस. मी खरोखर मान वळवून तुला शोधलं. समोर हार घातलेला तुझा फोटो होता. तो बघूनही भीती लगेच गेली नाही. तिला कळायला वेळ लागला.

लोक भेटायला येतात तेव्हा मी सांगते की सुजाताताई बदलापूरच्या शाळेत पी.टी.च्या बाई होती, टेनिस फार छान खेळायची, शुगरने गेली. एवढ्यावर लोकांचं समाधान होतं. बाकीचं सांगायला मला तूच लागतेस.

तुला आठवतं का, तू तेरा वर्षांची असताना सारखं पाणी प्यायचीस. शाळेतून आलीस की माठापाशीच उभी. आई म्हणायची, पोरगी उन्हात खेळते म्हणून तहान लागते. मग तू इतकी वाळलीस की फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला. कारखान्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि बाबा घरी येऊन कॉटवर नुसते बसून राहिले. बाबा त्याच कारखान्यात टर्नर होते, बोटांनी सूतभर फरक ओळखायचे, पण त्या दिवशी त्यांना चपलेचा अंगठा सापडत नव्हता. रोज इंजेक्शन, जन्मभर. आई रोज सकाळी काचेची सिरिंज उकळायची. इन्सुलिनची बाटली डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची, कारण आपल्या क्वार्टरमध्ये फ्रिज नव्हता.

डॉक्टरांनी आईला बजावलं होतं की इंजेक्शन घेतलं की वेळेवर खायलाच पाहिजे. खेळू दे, पण खाणं चुकलं तर साखर एकदम खाली जाईल आणि पोरीला स्वतःला कळणारही नाही. आईने ते मला सांगितलं. मी तुझ्याहून दोन वर्षांनी लहान, अकरा वर्षांची. आई म्हणाली, विशू, तिच्या तोंडाकडे लक्ष ठेव. ओठ पांढरे पडले, वरच्या ओठावर घाम आला, उगाच हसायला लागली, की साखर घाल तोंडात. त्या दिवसापासून मी तुझं तोंड बघत आले. शाळेत, लग्नांत, फोटो काढताना. तुला राग यायचा. "टीव्ही आहे का माझ्या तोंडावर?" असं म्हणायचीस.

आणि हे बाहेर कोणाला सांगायचं नाही, असं घरात ठरलं. आईला तुझ्या लग्नाची काळजी. बाबांना वेगळीच, की क्लबवाल्यांना कळलं तर ते तुला खेळू देणार नाहीत. क्लब कारखान्याच्या अधिकाऱ्यांचा. लाल मातीची दोन कोर्टं, भोवती निलगिरीची झाडं. कामगारांच्या मुलांना सकाळी तिथे खेळता यायचं ते फक्त लछू सरांमुळे.

लछू सर उल्हासनगरचे. कॅम्पात त्यांचं कटपीसचं दुकान होतं. कराचीला कॉलेजात असताना टेनिस खेळायचे, फाळणीत आईवडिलांबरोबर इकडे आले, बराकीत राहिले, आणि सगळं सामान तिकडेच राहिलं तरी एक रॅकेट घेऊन आले होते. अधिकाऱ्यांबरोबर खेळायला त्यांना क्लबात बोलवत. त्यांनी अट घातली की मी येईन, पण सकाळी कॉलनीतल्या पोरांना शिकवीन. स्कूटरवर यायचे, मागे बोळ्यासारखे झालेले जुने बॉल एका पिशवीत. बॉल तेव्हा पांढरे असायचे, आणि आपल्या मातीवर पडून पहिल्याच दिवशी गुलाबी व्हायचे. पुढे पिवळे आले तेव्हा तू म्हणालीस, लिंबं मारल्यासारखं वाटतंय.

तुझ्या हातात रॅकेट कशी बसली, हे लछू सर सगळ्यांना सांगायचे. "ये लडकी बॉल के पीछे भागती नहीं, बॉल इसके पास आता है," म्हणायचे. लाकडाची रॅकेट, सरांच्या पुतण्याची जुनी. खेळून झालं की ती लाकडी चौकटीत स्क्रूने आवळून ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात वाकडी व्हायची. तार नायलॉनची. मी तुझ्याबरोबर डबल्स खेळायचे, पण खरं म्हणजे मी खेळत नव्हते. मी नेटजवळ उभी राहून दर पॉइंटनंतर मागे वळून बघायचे.

पंच्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात आपल्या क्लबात मुलींच्या सामन्यांची तारीख ठरली. ठाण्याच्या, मुंबईच्या मुली येणार होत्या. फायनल जिंकणारीला पुण्याच्या शिबिरात घेणार होते आणि तिथून पुढे राज्याचा संघ. तू सेमीफायनल जिंकलीस त्या संध्याकाळी बाबा पेढे आणायला निघाले आणि दारातूनच परत फिरले. तुला चालत नाहीत म्हणून. ते बघून तूच हसलीस.

फायनल सकाळी होती. तू इंजेक्शन घेतलंस, भाकरी खाल्लीस, आणि आपण निघालो. समोर मुंबईची मुलगी. तिची रॅकेट काळी, ग्रॅफाइटची. तशी आपण तोवर फक्त मासिकात पाहिली होती. तिने सर्व्हिस केली की आवाजच वेगळा यायचा, ठक्क असा कोरडा. आपल्या लाकडाचा आवाज पोकळ, दार वाजवल्यासारखा. पहिला सेट तिने घेतला. दुसऱ्यात तुला तिची मेख सापडली. तिला पुढे बोलवायचं आणि डोक्यावरून बॉल टाकायचा. ती मागे पळायची आणि मातीवर घसरायची. दुसरा सेट तू घेतलास. लछू सर कुंपणाची जाळी धरून उभे होते.

तिसरा सेट सुरू झाला आणि हाजीमलंगच्या डोंगराच्या बाजूने काळं आभाळ चढलं. परतीचा पाऊस कसा येतो तुला माहीत आहे. गडगडाट आधी, मग थेंब, मग एकदम सगळं. फक्कीच्या रेषा आपल्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या. सगळे पत्र्याच्या शेडखाली पळाले. पत्र्यावर इतका आवाज की ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

रेफरी बाहेरून बोलावलेले होते. चांगला माणूस, पण वक्तशीरपणाचं वेड. त्यांनी सांगितलं, अर्ध्या तासात सुरू करू, कोणी जागा सोडू नका. अर्धा तास गेला, पाऊस चालूच. परत सांगितलं, अर्धा तास. मी पिशवीतून डबा काढला. तू म्हणालीस, आत्ता खाल्लं तर पळताना पोटात दुखेल, पाऊस थांबतोच आहे. थोड्या वेळाने परत विचारलं. तू म्हणालीस, सगळ्यांसमोर तोंडात साखर कोंबू नकोस. मुंबईची मुलगी आईबरोबर गाडीत बसून सँडविच खात होती. तिला खाताना बघून मला रडू यायला लागलं. तिचा पाऊस आणि आपला पाऊस एकच होता, पण तिला तो नुसता पाऊस होता.

ते थांबणं मी आयुष्यात विसरले नाही. पाऊस कमी झाला की मला बरं वाटायचं आणि लगेच भीती वाटायची, की आता हिला न खाता कोर्टवर बोलावतील. पाऊस वाढला की आणखी भीती, की हिच्या अंगातलं इन्सुलिन तर थांबलेलं नाही. लछू सरांना सांगावं असं मनात आलं. उठले. तू माझ्याकडे असं बघितलंस की परत बसले.

दुपार होत आली तेव्हा पाऊस थांबला. माळ्याने पोती टाकून पाणी शोषलं, वखारीतून आणलेला भुसा पसरला, रोलर फिरवला, नव्याने फक्की ओढली. त्यालाही वेळ गेलाच. मी तुझ्याकडे बघत होते. हवा गार झाली होती, अंगावर काटा येईल अशी, आणि तुझ्या वरच्या ओठावर घाम होता. मी म्हटलं, ताई. तू म्हणालीस, कळतंय मला, साइड बदलताना खाते. आणि गेलीस.

त्यानंतरचं तुला आठवत नाही. आयुष्यभर आपण ज्याच्यावर भांडलो ती मिनिटं तुझ्याकडे कधी नव्हतीच, फक्त माझ्याकडे होती. तू पहिला पॉइंट नीट खेळलीस. दुसऱ्यात हातातला बॉल सोडला आणि तो घरंगळत गेला त्याच्याकडे बघत राहिलीस. अंपायरने स्कोअर सांगितला तर हसलीस. मग सर्व्हिस करायला चुकीच्या बाजूला उभी राहिलीस. त्यांनी सांगितलं तेव्हा पलीकडे गेलीस आणि नेटकडे पाठ करून उभी राहिलीस, बॉल वर टाकायच्या तयारीत. काही लोक हसले. त्यांना वाटलं पोरगी गंमत करतेय.

मी जाळीचं दार उघडून आत पळाले. चहावाल्याची साखरेची बरणी उचलून नेली होती, त्याला न विचारता. अंपायरला ओरडून सांगितलं, हिला शुगर आहे, मॅच थांबवा. इतक्या वर्षांचं गुपित सगळ्या क्लबासमोर मी तसं फोडलं. तुला खाली बसवलं आणि मूठभर साखर तोंडात घातली. तू माझ्या खांद्याला डोकं टेकलंस आणि म्हणालीस, "विशू, मला घरी ने."

हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू पुढे इतकी भांडलीस, आणि हे एकच वाक्य सांगितलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण मला माहीत होतं की तू ते ऐकलं असतंस तर मान खाली घातली असतीस. तू मान खाली घातलेली मला बघवली नसती. त्यापेक्षा भांडण बरं होतं.

साखर पोटात गेल्यावर तू भराभर शुद्धीवर आलीस. पाणी मागितलंस, उभी राहिलीस, रॅकेट उचललीस आणि म्हणालीस, चला. रेफरी नाही म्हणाले. तेव्हा नियमच तसा होता, खेळ थांबवायचा तो पावसासाठी, माणसासाठी नाही. शिवाय डॉक्टरचा कागद नसताना जबाबदारी कोण घेणार. ती मुंबईची मुलगी स्वतः त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, मी थांबायला तयार आहे, उद्या खेळू. त्यांनी तिलाही नाही सांगितलं. कप घेताना ती रडत होती. तू रडली नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तू माझी मॅच घालवलीस." मग दिवाळी होऊन गेली तरी माझ्याशी बोलली नाहीस.

लछू सर दुसऱ्या दिवशी घरी आले. बाबा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले, लपवलं म्हणून. सर चिडले होते. त्यांच्या आईलाही शुगर होती, हे आपल्याला तेव्हा कळलं. मला सांगायचं ना, मी काय परका आहे, एवढंच ते परत परत म्हणत होते, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. चहा बिनसाखरेचा मागून घेतला आणि तुझ्याशेजारी बसून प्यायले. त्यानंतर त्यांच्या स्कूटरच्या डिकीत खडीसाखर असायची. ते जाईपर्यंत होती.

तुझं म्हणणं पुढे पंधरा वर्षं बदललं नाही. दोन मिनिटं थांबली असतीस तर साइड बदलताना मी स्वतः खाल्लं असतं, आणि मॅच माझी होती. मी म्हणायचे, तू नेटकडे पाठ करून उभी होतीस. तू म्हणायचीस, काहीतरीच. मी म्हणायचे, विचार लछू सरांना. तू म्हणायचीस, ते तुझ्याच बाजूचे. सणाला, बाजारात, आईच्या दवाखान्यात, कुठेही. आई हात जोडायची, पुरे करा गं.

शिबिर गेलं ते गेलंच. पुढच्या वर्षी कोणी नाव घातलं नाही, आता सगळ्यांना माहीत होतं. तू पी.टी.चा कोर्स केलास, बदलापूरच्या शाळेत लागलीस, खरवईला खोली घेतलीस. लग्नाची बोलणी दोन ठिकाणी झाली, दोन्ही वेळा तू स्वतःच आधी सिरिंज काढून दाखवलीस. परत कोणी लपवायचं नाही, म्हणालीस. मी उल्हासनगरच्या लॅबमध्ये लागले, लोकांचं रक्त काढायला. तू हसलीस. म्हणालीस, आता तोंड बघून भागेना म्हणून रक्त बघतेस. ग्लुकोमीटर बाजारात आला तेव्हा पहिला मी तुझ्यासाठी आणला. तू बोट टोचून आकडा बघितलास आणि म्हणालीस, म्हणजे आता तुझी नोकरी गेली. गेली नाही, ताई. आकडा ठीक असला तरी मी तोंड बघायचेच.

तुझ्या शाळेतलं कोर्ट सिमेंटचं. आपल्या क्लबातलीही माती काढून सिमेंट टाकलं, मातीची निगा राखायला माणसं मिळेनात म्हणून. आता पाऊस थांबला की वायपरने पाणी ओढायचं आणि खेळायचं. मला ते किती बरं वाटलं होतं. तू मात्र म्हणालीस, मातीचा वास गेला आणि मातीवरचा खेळही गेला. आता जोरात मारायचं आणि पुढच्या पॉइंटला उभं राहायचं. पॉइंट सुरू झाला हे कळायच्या आत संपतो. तुझ्या शाळेतल्या मुलींकडे सगळ्यांकडे ग्रॅफाइट, लाकूड त्यांनी भिंतीवर टांगलेलंच पाहिलं.

केबल आल्यावर विंबल्डन दुपारपासून दिसायला लागलं. तिकडे पाऊस आला की माणसं हिरव्या ताडपत्र्या ओढत पळत यायची. तुला ते बघायला आवडायचं. ताडपत्री ओढणाऱ्यांची तालीम किती चांगली आहे, हे तू कौतुकाने सांगायचीस. मी उठून स्वयंपाकघरात जायचे. मला खेळ थांबलेला बघवायचा नाही, कुठल्याही देशातला. त्यांच्या खेळाडू खुर्चीत बसून केळी खायच्या, डॉक्टर कोर्टवर येऊन पाय चोळून द्यायचा. मी म्हटलं, बघ, आता माणसासाठीही थांबतात.  तू म्हणालीस, बरं झालं.

ऑस्ट्रेलियात कोर्टावर सरकणारं छत केलंय, पाऊस आला की छत ओढून घेतात, हे दिसलं तेव्हा आपलं पुन्हा वाजलं. मी म्हटलं, सगळीकडे असंच पाहिजे. तू म्हणालीस, मग खेळाडूला थांबता यायला कसं शिकवणार? थांबणं हा पण खेळच आहे. मला राग आला. थांबण्याने तुझं काय केलं ते मी पाहिलं होतं, तू नाही. मी पदर खोचून भांडायला उभी राहिले आणि तू म्हणालीस, आधी आमटीचा गॅस बंद कर.

मग डोळे गेले. एकदम नाही. आधी फळ्यावरचं, मग बॉल, मग टीव्हीवरची माणसं. किडनीचं त्याच वर्षी कळलं. मागच्या जुलैत तू माझ्याकडे राहायला होतीस. विंबल्डन चालू होतं आणि मी तुला सांगत होते, आता ही पुढे आली, आता तिने क्रॉस मारला. तू म्हणायचीस, सावकाश सांग, तू बॉलच्या पुढे पळतेस. एक दिवस तिकडे पाऊस आला आणि त्यांनी जुनी मॅच लावली. मी काही सांगायच्या आत तू मान वर केलीस. "हे लाकूड आहे," म्हणालीस. "जुनं काहीतरी लावलंय ना?" तुझा चेहरा इतका खुलला होता. पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन तू बसलीस आणि आवाज ऐकत राहिलीस. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात गेले नाही. शेजारी बसले. पाऊस संपू नये असं मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं.

या पावसाळ्यात डायलिसिसला कल्याणला जायचं होतं आणि उल्हास नदीचं पाणी रस्त्यावर आलं. गाड्या बंद, रिक्षा कोणी नेईना. तुझे पाय सुजलेले, श्वास लागलेला. मी खिडकीतून दारात, दारातून खिडकीत. शेजारच्या पोरांना पिटाळलं, दवाखान्यात फोन केला, परत केला. तू उशीला टेकून बसली होतीस. म्हणालीस, "विशू, बस जरा. पाऊस आहे. सगळेच थांबलेत." मी ओरडले तुझ्यावर, की तुझं हे तत्त्वज्ञान ठेव बाजूला. तू हात पुढे केलास आणि माझा हात शोधून धरलास. दुपारी पाणी उतरलं, आपण पोचलो, त्या दिवशी निभावलं. ज्या दिवशी निभावलं नाही त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं आणि सगळं वेळेवर मिळालं होतं. त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

परवा तुझ्या शाळेतून फोन आला. मुलींचे आंतरशालेय सामने आपल्याच क्लबात होते आणि बरोबर जायला बाई नव्हती. मुख्याध्यापिका अडखळत बोलत होत्या, तुम्ही याल का म्हणून. मला नको होतं. त्या कोर्टवर मी इतक्या वर्षांत पाय ठेवला नव्हता. पण गेले.

दुसरी मॅच चालू असताना पाऊस आला. शेडचा पत्रा बदललाय, आवाज तोच. मी पर्समधली ग्लुकोजची पुडी चाचपली. तुझ्या मुली मात्र धावत आल्या आणि बसायच्या आधीच त्यांनी डबे उघडले. खेळणाऱ्या, न खेळणाऱ्या, सगळ्या. प्राची नावाची तुझी कॅप्टन प्रत्येकीच्या डब्यात डोकावून बघत होती. एक मुलगी म्हणाली मला भूक नाही, तर तिला सांगितलं, भुकेचं विचारलं नाही, खा. मग समोरच्या शाळेच्या मुलींनाही लाडू दिले. मी विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, बाईंचा नियम आहे. पाऊस आला की आधी खायचं, मग आभाळाकडे बघायचं.

माझ्यासमोर लाडू धरून ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, ती बहीण तुम्हीच ना?

मी विचारलं, कुठली बहीण.

"बाई सांगायच्या, माझ्या बहिणीने माझी फायनल घालवली. दर वर्षी नवीन टीमला सांगायच्या. आणि मग म्हणायच्या, टीममध्ये एक तरी पोरगी अशी पाहिजे, जी वेळ आली तर मॅच घालवायला घाबरणार नाही. ती कोण, ते आधी ठरवा. कॅप्टन नंतर."

मी लाडू खाल्ला. दुसरं काय करणार होते. पोरीसमोर रडायचं नव्हतं. तिला विचारलं, यंदा कोण ठरलंय? तिने कोपऱ्यातल्या एका बारक्या, चष्मेवाल्या मुलीकडे बोट दाखवलं. ती खेळत नव्हती. ती खेळणाऱ्या दोघींच्या तोंडाकडे बघत बसली होती.

ताई, मला हे तोंडावर सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पंधरा वर्षं तू मला म्हणालीस की घालवलीस, आणि शाळेत जाऊन पोरींना सांगितलंस की अशी एक शोधा. मी तुझ्यावर चिडले आहे. आणि तू असतीस तर आत्ता, या घटकेला, खरवईला येऊन तुझ्याशी पहिल्यापासून भांडले असते, तुझी आमटी करपेपर्यंत. एक गोष्ट मी तरीही मान्य करणार नाही. साखर खाऊन तू उभी राहिलीस तेव्हा तुझे गुडघे थरथरत होते. तिसरा सेट तू हरली असतीस.

पाऊस थांबला. दोन मुलींनी वायपर घेतले, पाणी ओढलं, आणि फार वेळ न लावता अंपायरने नावं पुकारली. मी चष्मेवाल्या मुलीशेजारी जाऊन बसले. तिने जरा सरकून जागा दिली आणि कोर्टवरून नजर न काढता मला हळूच सांगितलं, डावीकडच्या दीदीकडे तुम्ही बघा, उजवीकडची मी बघते.